राक्षसाची चाल

थर्नसाइड,
११ जानेवारी २००९

प्रिय ऑस्टिन,

नाताळात आपल्या घरी बाळ येशूचा गोठा कपाटावर मांडला जायचा आणि त्याच्या भेटीला निघालेले तीन राजे मात्र जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवले जायचे, आठवतं? रोज थोडं थोडं पुढे नेत सहा जानेवारीला त्यांना गोठ्याशी पोचवायचं काम तुझं. इतरांच्या घरी राजे नुसते सरकायचे. आपले प्लास्टरचे राजे फुटल्यावर तू मेणमातीचे केलेस आणि तेव्हापासून घरात शिस्तच उरली नाही. एक राजा पायरीवर बसून बुटातला खडा काढायचा. एक रस्ता चुकून कोळशाच्या खोलीकडे वळायचा. एका सकाळी आई खाली आली तर उंट कपाटावरच्या लोण्याच्या बशीत तोंड घालून उभा.

"हा उंट कपाटावर चढला तरी कसा?" आई म्हणाली.

"चारचौघांसारखा. पायांनी," बाबा पेपरामागून म्हणाले. आणि तू चहात तोंड लपवून हसत होतास.

काल राजे खोक्यात भरताना हे सगळं आठवलं, म्हणून लिहायला बसले. खरं तर कारण दुसरंच आहे. बोर्डिंगातल्या सिस्टर गोंझागा म्हणायच्या, अवघड गोष्ट सांगायची असेल तर आधी श्वास घ्यावा आणि मग पहिल्याच वाक्यात सांगून टाकावी. माझी आधीच बरीच वाक्यं झाली.

तर ऐक. आमच्या फिल्म मंडळानं येत्या फेब्रुवारीत तुझा जुना सिनेमा, ‘वादळाचं शिंग’, दाखवायचं ठरवलंय. मी सुचवलं नाही, शपथ. मी फक्त सेक्रेटरी आहे. खुर्च्या मांडते आणि चहा करते. सुचवलं ते आमच्या अध्यक्षांनी, डेस्मंड फॅझॅकर्लींनी. ते निवृत्त दंतवैद्य, गावात नवे. ‘त्यातलं समुद्रातल्या राक्षसाचं बाहुलं आमच्या गावच्या एका मुलानं केलं आणि हलवलं होतं’ असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी टेबलावर मूठच आपटली. "हे आपल्याला माहीत असून आपण गेल्या वर्षी कालव्यांच्या दरवाज्यांवरचा माहितीपट दाखवला?" आता त्यांची इच्छा अशी की मे महिन्याच्या वार्षिक खेळाला तू पाहुणा म्हणून यावंस.

मला ठाऊक आहे. बासष्ट सालच्या त्या संध्याकाळी सगळं गाव थिएटरात जमलं होतं, तुझा राक्षस पडद्यावर आला आणि सगळं गाव हसलं. बाबा सगळ्यांत मोठ्यानं. तू अर्ध्यातून उठलास, स्टेशनवर गेलास आणि त्यानंतर आईला एक ओळ लिहिलीस, ‘माझ्या कामाला हसणाऱ्या गावात मी पाय ठेवणार नाही.’ आणि आपल्या कॉटमांचा शब्द तो, तू पाळलास. बाबांच्या दफनाला नाही, आईच्या नाही. मी तेव्हा चौदा वर्षांची, सिस्टरांच्या बोर्डिंगात लॅटिनची रूपं घोकत होते. मी हसणाऱ्यांत नव्हते, एवढंच माझं पुण्य.

आईनं त्या सिनेमाचं नाव घरात बंद केलं. टीव्हीवर लागला की ती उठून बटण दाबायची. ती गेल्यावर मी दाबत आले. त्यामुळे माझ्या भावानं केलेला राक्षस सगळ्या जगानं पाहिलाय, मी सोडून.

ऑस्टिन, तुझ्या शेटलंडच्या बेटावर मेंढ्या खूप असतील, पण कॉटम आता आपण दोघंच. ये ना.

तुझी,
हिल्डा

---

१ फेब्रुवारी २००९

प्रिय ऑस्टिन,

तुझं कार्ड आलं. त्यावर शब्द होते! इतकी वर्षं नुसती सही यायची, मला वाटायला लागलं होतं की तू बँकेचा मॅनेजर झालायस.

तुझ्या अटी मान्य. तू म्हणतोस, आधी फेब्रुवारीतला खेळ होऊ दे. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहून पाठव. मीठमसाला नको, साखर तर मुळीच नको. मग मे महिन्याचं बघू. सगळं मान्य. तू लिहिलंयस, ‘तू सिस्टरांच्या हाताखाली वाढलीस, तुला गोड खोटं बोलता येतं.’ हे मला लागलं. सिस्टरांनी आम्हाला खोटं बोलायला कधीच शिकवलं नाही. खरं बोलताना थोडं मनात कसं राखून ठेवावं, एवढंच शिकवलं. ते वेगळं.

कालच कमिटीची सभा झाली. चर्चचा हॉल मिळायला हवा म्हणून फादर रिग्बींनाही बोलावलं होतं. त्यांनी सिनेमाच्या खोक्यावरचं चित्र चष्मा वर करून पाहिलं.

"हिल्डा, ही बाई कोण?"

"वादळांची देवी, फादर."

"हिला थंडी वाजत नाही?"

"कथा ग्रीसमधली आहे, फादर," डेस्मंड म्हणाले.

"मी ग्रीसला गेलोय. तिथंही संध्याकाळी स्वेटर लागतो." पण परवानगी दिली. वर म्हणाले, "मी स्वतः येईन. लक्ष ठेवायला." म्हणजे पहिल्या रांगेत.

आमच्याकडे मत कसं घेतात तेही सांगून ठेवते, म्हणजे मागाहून तू शंका काढायला नको. प्रत्येकाला आत येताना कागदाची एक पट्टी देतात. तिच्या कडेला वरून खाली पाच शेरे छापलेले असतात. सिनेमा संपला की अंधारातच, कोट चढवता चढवता, आपल्या मताशेजारी पट्टी थोडी फाडायची आणि दारातल्या बिस्किटाच्या डब्यात टाकायची. मंडळ निघाल्यापासून असंच चालत आलंय. वर फाडलं तर फार आवडला, खाली फाडलं तर पैसे परत द्या. कुणी वाचत नाही, बोटांनाच पाठ आहे. जुन्या पट्ट्या संपल्या म्हणून डेस्मंडनी या वेळी नव्या छापून आणल्यात, छान जाड कागदाच्या.

मी तयारीत आहे. पेन्सिलीला टोक केलंय.

हिल्डा

---

२० फेब्रुवारी २००९

प्रिय ऑस्टिन,

काल खेळ झाला. हॉल भरला होता. छपरावर पाऊस कोसळत होता, तरी मागे लोक उभे होते. आता मतं सांगते, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. कुणाचाही चेहरा निसटू नये म्हणून मी पडद्याकडे पाठ करून, चहाच्या टेबलाशी प्रेक्षकांकडे तोंड करून बसले होते. त्यामुळे सिनेमा मी आत्ताही पाहिलेला नाही. प्रेक्षक मात्र पूर्ण पाहिले.

फादर रिग्बी: "देव पुष्कळ, पण कामाचा एकही नाही. राजपुत्र बिचारा गुडघे टेकून हाका मारतोय आणि हे वर ढगात बसून द्राक्षं खातायत. आमच्याकडे एकच आहे, पण निदान ऐकतो तरी." मग चहाचा दुसरा कप घेत, "त्या सहा पायांच्या बोकडाची लढाई मात्र परत दाखवता येईल का?"

डेस्मंड: "त्या काळात राजपुत्राचे दात इतके सरळ? शक्यच नाही. पण तो दोन चोचींचा पक्षी पाहिलात? वरची चोच खालचीवर कशी बरोबर बसते! ज्यानं केला त्याला जबडा कळतो." तुला सांगते, डेस्मंडकडून याहून मोठी स्तुती नाही. बायकोबद्दलही ते इतकं बोललेले नाहीत.

ईनिड पिलिंग, लायब्ररीतली, अजून सगळीकडे विणकाम घेऊन जाते: "महिनाभर जहाजावर राहून त्या राजकन्येचे केस बघा! मी बसनं प्रेस्टनला जाऊन आले तरी माझा खराटा होतो." आणि मग, सुया थांबवून: "त्या बोकडाची लोकर सारखी हलते, तुमच्या लक्षात आलं? वारा नाही, काही नाही, आणि लोकर हलतेय. जणू न दिसणारं कुणी माणूस त्याला कुरवाळतंय."

ऑस्टिन, ती तुझी बोटं का? बाहुलं केसभर हलवायचं, एक चित्र घ्यायचं, परत केसभर हलवायचं, आणि दर वेळी लोकरीवर बोट उमटायचं? मी ईनिडला चहा दिला आणि बशीत एक बिस्किट जास्त ठेवलं.

तुझा राक्षस समुद्रातून वर आला तेव्हा हॉलमध्ये मोठा आवाज झाला. लोक हलले, खुर्च्या वाजल्या. नेली स्वॉरब्रिकनं, ती आता ऐंशीच्या घरात आहे, शेजारणीचा हात घट्ट धरला. पाऊसही जोरात होता. त्याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

पट्ट्या डेस्मंड घरी घेऊन गेलेत मोजायला. एकंदरीत खेळ लोकांच्या लक्षात राहील, यात मला शंका नाही.

तुझी,
हिल्डा

---

९ मार्च २००९

ऑस्टिन,

तुझं कार्ड मिळालं. ‘चर्चची पत्रिका मलाही येते. मी येत नाही.’ एवढंच.

सगळ्यात आधी मला हे समजून घेऊ दे की शेटलंडच्या बेटावर बसून तू थर्नसाइडच्या चर्चची पत्रिका मागवतोस. कधीपासून? म्हणजे माझा मोतीबिंदू, छपराची वर्गणी, फादर रिग्बींची सायकल चोरीला गेली ती, सगळं तुला ठाऊक? आणि नाताळच्या कार्डावर नुसती सही! असो. भांडण नंतर.

हो, निकाल तसाच छापून आलाय. ‘वादळाचं शिंग’ मंडळाच्या इतिहासात सगळ्यांत तळाला. कालव्यांच्या दरवाज्यांच्याही खाली. मी तो वाचला तेव्हा चहाचा कप हातातच राहिला. आणि तुझ्यापासून काय लपवू, तो ‘मोठा आवाज’ हसण्याचाच होता. पाऊस होता हेही खरं, पण पाऊस हसत नाही. तुझा राक्षस वर आला आणि मागच्या तीन रांगा, म्हणजे सगळी जुनी मंडळी, खो खो हसत सुटली. नवी माणसं वळून बघायला लागली. मी मनात राखून ठेवलं. सिस्टर गोंझागा असत्या तर म्हणाल्या असत्या की राखून ठेवण्यालाही मर्यादा असते, हिल्डा.

पण मला ते पटेना. जे लोक दारातून बाहेर पडताना डोळे पुसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत गेले, त्यांनी तळाला फाडलं? म्हणून मी छत्री घेतली आणि निघाले.

ईनिडनं दार उघडलं. "मी? मी तर अगदी वर फाडलं!"

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी म्हातारा तर चिडलाच. "वरच फाडलं, आणि जोरात फाडलं. वाटलं तर अजून एक द्या, परत फाडतो!"

मग मी डेस्मंडकडे गेले आणि नवी पट्टी उजेडात धरून पहिल्यांदाच वाचली. सगळ्यांत वर छापलं होतं, ‘मुळीच आवडला नाही.’ आणि सगळ्यांत खाली, ‘फार आवडला.’

"डेस्मंड, हे उलटं का?"

"उलटं कुठं? तपासणी नेहमी वाईटापासून सुरू करावी. आधी किडलेले, मग बरे. चाळीस वर्षं मी असंच केलं."

"आणि आम्ही इतकी वर्षं वर फाडतोय!"

"पण लिहिलंय ना तिथं!"

"कोण वाचतं, डेस्मंड? अंधारात, एक हात कोटाच्या बाहीत असताना?"

ते बिचारे मटकन खाली बसले. त्यांच्या बायकोनं, मार्जरीनं, आतून ओरडून विचारलं, "कुणाचा चुकीचा दात काढलास की काय?"

तर आता ऐक. पट्ट्या सरळ करून मोजल्या की तुझा सिनेमा मंडळाच्या इतिहासात सगळ्यांत वर येतो. पुढच्या पत्रिकेत दुरुस्ती येईल. तुला मिळेलच ती.

पण मी तुला साखर देणार नाही म्हणाले होते. लोकांना फार आवडला, आणि लोक राक्षसाला हसले. दोन्ही खरं. हे दोन्ही एका डब्यात कसं मावतं ते मला कळत नाही. उद्या नेली स्वॉरब्रिककडे जाते. सगळ्यांत आधी हसली ती तीच होती. आणि बासष्ट सालीही ती तिथं होती, आइस्क्रीमचा ट्रे गळ्यात अडकवून रांगांमधून फिरत.

तू येत नाहीस असं तू लिहिलंस. मी ते वाचलेलं नाही असं समजते.

हिल्डा

---

११ मार्च २००९

माझ्या प्रिय ऑस्टिन,

हे पत्र बसून वाच. चहा घे. घेतलास? मी थांबते.

काल नेलीकडे गेले. ती खिडकीशी, पाय स्टुलावर ठेवून. मी विचारलं, "नेली, खरं सांग, तू राक्षसाला का हसलीस?"

"म्हणजे काय? हसणारच ना पोरी! तुझा बाप समुद्रातून बाहेर आला की!"

"काय?"

"अँब्रोज कॉटम! दुसरा कोण? एक खांदा वर, मान पुढे, पाठीवर पोतं नसलं तरी असल्यासारखा. चार पावलं टाकली की थांबणार. आणि मग... धर जरा माझी काठी." ती उभी राहिली, ऐंशी वर्षांची बाई, दोन्ही कोपरं कमरेला टेकवली आणि आपला स्कर्ट कोपरांनीच वर ओढला. एक झटका डावीकडून, एक उजवीकडून.

ऑस्टिन, हे तर बाबाच!

तुला आठवतंच असेल. ‘ते काळे हात पँटला लावलेस तर जेवण बंद,’ असं आईनं बजावलेलं. म्हणून बाबा कोळशाची पोती घरोघर टाकत जन्मभर कोपरांनी पँट वर ओढत राहिले. मग रविवारी, हात स्वच्छ धुतलेले असताना, चर्चमध्ये प्रसाद घ्यायच्या, कम्युनियनच्या रांगेतसुद्धा तेच. आई लाजेनं प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड घालायची.

"त्या दिवशी थिएटर खच्चून भरलेलं," नेली सांगायला लागली. "राक्षस वर आला. सगळे चिडीचूप. पोरं आयांना चिकटली. एवढा डोंगराएवढा तो, अंगावर शेवाळ, कमरेला समुद्रगवताचा घागरा. चार पावलं आला. थांबला. आणि घागरा वर ओढला, कोपरांनी. मग बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, ‘अँब्रोज, दोन पोती आमच्या मागच्या दारी टाक रे!’ झालं. थिएटर कोसळायचं बाकी राहिलं. माझ्या ट्रेमधली आइस्क्रीमं खाली."

"आणि बाबा?"

"तो? तो खुर्चीत मावेना! डोळ्यांतनं घळाघळा पाणी. पुढच्याला ढोसतोय, मागच्याला ढोसतोय. ‘अरे मी! मी आहे तो! माझ्या पोरानं मला सिनेमात घातलंय!’ उठून उभा राहिला आणि मागे वळून तुझ्या भावाला शोधायला लागला. तर खुर्ची रिकामी."

"मग कुणी ऑस्टिनला सांगितलं का नाही, नेली?"

"काय सांगायचं? त्यानंच तर केलं होतं! त्याला ठाऊक नव्हतं असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही."

"बाबांनी तरी..."

"तुझ्या बापाला वाटलं, पोरगा घाबरून पळाला. बापाची नक्कल केली आणि भर थिएटरात पकडला गेला, म्हणून. पबमध्ये सांगायचा, ‘लाजलाय तो. येईल नाताळला. आला की मी एक शब्द बोलणार नाही, नुसती बिअर पुढे करणार.’ मग ईस्टरला येईल म्हणायचा. मग म्हणायचा बंद झाला. पण शनिवारी कुणी म्हटलं ना, ‘अँब्रोज, राक्षस दाखव,’ की उठायचा आणि दारापासून बारपर्यंत चालून दाखवायचा. गुडघे जाईपर्यंत दाखवला त्यानं."

आणि घरी हे का आलं नाही? कारण आईनं नाव बंद केलं होतं, आणि तुझी ती ओळ बाबांना कधी दाखवलीच नसणार. तिला वाटलं, बाप हसला म्हणून मुलगा गेला. बाबांना वाटलं, मुलगा शरमला म्हणून येत नाही. तुला वाटलं, गाव तुझ्या कामाला हसलं. आणि मी सगळ्यांच्या वतीनं टीव्हीचं बटण दाबत बसले. कॉटमांच्या घरात बोलायचं ते फक्त मेणमातीचे राजेच बोलत होते, असं दिसतंय.

नेलीकडून मी सरळ डेस्मंडकडे गेले. म्हटलं, सिनेमा लावा, राक्षसाचा भाग, आणि काही विचारू नका. त्यांनी लावला. पाणी फाटलं, तो वर आला, किनाऱ्याकडे चालत निघाला. एक खांदा वर.

डेस्मंड म्हणाले, "हिल्डा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

मी म्हणाले, "हे माझे वडील."

ते उठून उभे राहिले. खरंच! ओळख करून दिल्यासारखे, टीव्हीसमोर, जॅकेटचं बटण लावत.

आणि आता एक गोष्ट, जी नेलीला ठाऊक नाही, गावात कुणालाच ठाऊक नाही. राक्षस जहाजापाशी पोचतो. खलाशी किंचाळतायत. जहाजावर पाय देऊन ते मोडणार, त्याच्या आधी तो थांबतो आणि पाय पुसतो. खडकावर, एकदा उजवा, एकदा डावा. मग जहाज मोडतो. आईच्या दारातलं पायपुसणं, ज्यावर पाय पुसल्याशिवाय बाबांना घरात प्रवेश नव्हता! मी हसले आणि रडले आणि मार्जरी फॅझॅकर्लीनं मला ब्रँडी दिली. मी ती घेतली. दुपारचे तीन वाजले होते.

तू हे मुद्दाम केलं नव्हतंस, मला ठाऊक आहे. मुद्दाम केलं असतंस तर अर्ध्यातून उठला नसतास. तुला एवढंच सांगितलं असेल की एक प्रचंड मोठा जीव चालवून दाखव. आणि तू प्रचंड मोठा जीव एकच पाहिला होतास.

ऑस्टिन, ते तुझ्या कामाला हसले नाहीत. त्यांनी बाबांना ओळखलं.

तुझी,
हिल्डा

---

५ एप्रिल २००९
झावळ्यांचा रविवार

प्रिय ऑस्टिन,

चार पानं! दोन्ही बाजूंनी! पोस्टमन पाकीट देताना म्हणाला, "मिस कॉटम, कोर्टाचं नाही ना काही?"

तू लिहितोस की कोपरांचा बाबांशी काहीएक संबंध नाही; बाहुल्याच्या मनगटातला सांधा कच्चा होता, बोटांना पकड नव्हती, आणि कोपरं वापरणं ही निव्वळ कामाची गरज होती. हे तू सव्वा पान लिहिलंयस, आकृतीसह. मी ते डेस्मंडना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "पण घागरा वर ओढायचाच कशाला? तो पडत नव्हता." याचं उत्तर आकृतीत सापडलं नाही.

पाय पुसण्याबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. तिसऱ्या पानावर मध्येच शाई फुटलीय आणि पुढे एकदम हवामान सुरू होतं. मी ते पान वेगळं ठेवलंय.

बाबा कुठं पुरलेत, दगडावर काय कोरलंय, ते तू विचारलंस. आईच्या शेजारी, समुद्राच्या बाजूला. नाव आणि सालं, बस्स. आणखी काही कोरावं असं तुला वाटलं तर जागा आहे.

ताज्या कलमात तू ‘सहज’ विचारलंयस की स्टेशनपासून आपल्या गल्लीपर्यंत अजून बस येते का. येते. दर अर्ध्या तासानं. रविवारी तासानं. मे महिन्याचा खेळ गुरुवारी आहे. ही माहिती मीही सहजच देतेय.

आता मुख्य गोष्ट. गुडघे दुखतात, मेंढ्यांची शेडही विकायची आहे, म्हणून शेडमधल्या पेटीतली सगळी बाहुली पार्सलनं पाठवतो, तूच वाटून टाक, असं तू म्हणतोस. कुणाला काय ते कळव म्हणालास. कळवते. पेटी भरताना हा कागद झाकणाला आतून चिकटव, म्हणजे घोटाळा नको.

सहा पायांचा बोकड फादर रिग्बींना. ते घेणार नाहीत म्हणतील. तरी द्यायचा. आठवड्याभरात तो त्यांच्या टेबलावर दिसेल आणि ते म्हणतील की कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय.

दोन चोचींचा पक्षी डेस्मंडना. चोच उघडते-मिटते ना? मग त्यांना दुसरं काही नको. मार्जरीला आत्ताच सांगून ठेवते की जेवणाच्या टेबलावर आणू द्यायचा नाही.

बोकडाच्या लोकरीचा जो जास्तीचा तुकडा तू जपून ठेवलायस म्हणतोस, तो ईनिडला. तिला सांगायचं की कुरवाळणारं माणूस शेटलंडला राहतं.

खलाशी सगळे नेलीला, मोडलेलेसुद्धा. तिच्या खिडकीत उन्हं चांगली येतात.

वादळांची देवी कुणालाही द्यायची नाही, आधी तिला काहीतरी विणून घालायला हवं. ईनिडला विचारते.

यातलं सगळं पार्सलनं आलं तरी चालेल. नीट गुंडाळ, वर्तमानपत्राचे दोन थर दे.

राक्षस माझा. आणि तो मी पोस्टमनच्या हातून घेणार नाही.

हिल्डा